मदत हवी आहे: 'इम्युनोसप्रेसंट'ला घरात समजेल असा मराठी शब्द

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, आईची किडनी बसवली आहे. त्याला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही इम्युनोसप्रेसंट औषधं चालू आहेत. टॅक्रोलिमस बरोबर बारा तासांनी, आणि रक्तातली पातळी तपासायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच.

अडचण शब्दाची आहे. गावी काकूंना मी सांगितलं, "या प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या आहेत." त्या घाबरल्याच. आजारी पोराची शक्ती कोण कमी करतं? दुसऱ्या दिवशी प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून गुळवेलीचा काढा तयार! प्रेमानेच केला होता, पण शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारू नये म्हणून तर ही औषधं आहेत. काढा थांबवताना मला नीट समजावताच आलं नाही.

'प्रतिक्षमता-दमनकारी' हा शब्द बरोबर असेल, पण काकूंपर्यंत पोचत नाही. 'दडपणारी' म्हटलं की औषध वाईट वाटतं. मला 'आवर घालणारी' जवळचं वाटतं, कारण शक्ती संपवायची नाहीये, आवरायची आहे. तुम्ही काय म्हणता?

आणखी एक. 'इम्युनोकॉम्प्रमाइज्ड' म्हणजे प्रतिकारशक्ती क्षीण झालेला माणूस, मग कारण औषध असो, एचआयव्ही असो की कॅन्सर. असा माणूस आणि ही औषधं, या दोन्हींसाठी मराठीत वेगळे शब्द कोणी वापरतं का? डॉक्टर, नर्स किंवा ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या घरचे कुणी असाल तर जरूर सांगा. घरातल्या फ्रिजवर लावायला कागद लिहितोय.