मदत हवी आहे: पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेत
नमस्कार मंडळी. परवा सीताबर्डीवर एका झेरॉक्सच्या दुकानात बाबांच्या पेन्शनचे कागद प्रिंट करायला पेनड्राइव्ह लावला. घरी लॅपटॉपला जोडला, तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात बारीकसा बाण, आकार जेमतेम 2 केबी. आईच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो त्यातच आहेत, दुसरी प्रत नाही. जीव नुसता खालीवर होतोय. ड्राइव्हची भरलेली जागा मात्र तेवढीच दिसते, म्हणजे फायली लपल्या असाव्यात. अॅट्रिब कमांडने त्या परत दिसतात म्हणे. पण आधी व्हायरस काढू की फोटो?

लॅपटॉप विंडोज 10 चा, नेहमीचे अपडेट ऑक्टोबर 2025 मध्येच थांबले. आतला डिफेंडर अँटिव्हायरस पुरेल, की पुण्याचं क्विक हील विकत घेऊ? क्रॅक केलेलं काही टाकायचं नाही. ‘फॉरमॅट मार’ सोडून कृपया नीट सांगा.