मदत हवी आहे: चालताना तोल सावरण्यासाठी हातांचे व्यायाम

नमस्कार मंडळी. सासरे ७४ वर्षांचे. चालणं भरपूर, पण कायम दोन्ही हात पाठीमागे बांधून. परवा पेव्हर ब्लॉकच्या वर आलेल्या कडेला ठेचकाळले. पाय वेळेत पुढे पडला, पण हात सुटेपर्यंत धड पार पुढे झुकलं होतं. हनुवटीला टाके पडले.

तेव्हापासून यावर वाचतेय. पायाच्या उलट हात हलला की अंगाची गिरकी आटोक्यात राहते. २००९च्या एका अभ्यासात हात न हलवता चालायला सुमारे १२ टक्के जास्त ऊर्जा लागली. ठेच लागल्यावर हात बाहेर फेकले जातात, त्याने धडाचं फिरणं मंदावतं आणि पाऊल नीट टाकायला वेळ मिळतो.

हात मोकळे सोडले तरी बाबांचा डावा हात कमीच हलतो. कंपवाताची सुरुवात अशी एका बाजूने होऊ शकते, म्हणून न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीच आहे.

इथल्या फिजिओथेरपिस्टना विचारायचंय: हात मोकळे सोडून चालायची सवय या वयात लागते का? उजवा खांदा आखडलाय, तर आधी खांदा मोकळा करायचा की कमरेतून वळण्याचे व्यायाम? आणि एक काठी द्यावी की दोन? घरच्यांच्या अनुभवावरूनही कृपया सांगा, मला खरंच काळजी वाटतेय.