बीबीसी मायक्रोवर भरतीचा प्रोग्राम करायचाय, एआयने दिलेला कोड चालत नाही

जैतापूर_मास्तर
आमच्या शाळेला 'क्लास' योजनेत बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश बनावटीचा संगणक मिळाला होता. 1984-85 मध्ये सुरू झालेली ती सरकारी संगणक-साक्षरतेची योजना, जुन्या शिक्षकांना आठवत असेल. पुढे तो निर्लेखनात निघाला तेव्हा रीतसर पावती फाडून मी घरी आणला. आता निवृत्त झालोय, हात मोकळे आहेत. यंत्र सुरू होतं, बीप वाजतो, पडद्यावर 'बेसिक' हे त्याच्या प्रोग्रामच्या भाषेचं नाव उमटतं.

मला त्यावर भरती-ओहोटीची वेळ काढायची आहे. हिशेब सगळ्यांना ठाऊक आहेच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. तिथीमागे 45 मिनिटं. तिथी मी कॅलेंडरात बघून टाकीन, ती यंत्राने काढावी एवढीही अपेक्षा नाही.

नातीने फोनवर एआयला विचारलं. दोन पानं कोड आला. तो टाइप करायचा म्हणजे काय, ते खारं वारं खाल्लेला कीबोर्ड वापरलेल्यालाच कळेल. काही अक्षरं दोनदा उमटतात, काही मुळीच नाही. चालवला तर 'मिस्टेक'. ओळ दाखवली की "तुमचं बरोबर आहे, क्षमस्व" म्हणतो आणि नवा कोड देतो, तो पुढच्या ओळीवर अडतो. एका आवृत्तीत 'डिम स्पेस' असंही आलं. पाठांतर चोख पण गणित कधी सोडवलं नाही, असा एखादा विद्यार्थी असायचा वर्गात, तसं चाललंय.

दोष यंत्रात आहे की एआयमध्ये? आणि दुसरा एआय घेतला तर फरक पडेल का?

बेसिकबुवा
मास्तर, यंत्र शहाणं आहे. एआय बदलूनही फार फरक पडणार नाही. बेसिकच्या पन्नास बोल्या आहेत आणि एआयने त्या सगळ्या एकत्र वाचल्यात. तुमच्या कोडमध्ये 'व्हाइल' ही तेच काम पुन्हापुन्हा करायची (लूपची) आज्ञा आहे ना? तुमच्या यंत्रातल्या बेसिक 2 ला ते माहीतच नाही. 'व्हाइल' आणि अनेक ओळींचा 'इफ-एंडइफ' पुढे बेसिक 5 मध्ये आला, 1987 च्या आर्किमिडीज या नव्या संगणकाबरोबर. तो 'इफ' तर जास्त घातक. अट खोटी ठरली तरी बेसिक 2 फक्त तेवढी ओळ सोडतं आणि खालच्या ओळी बिनदिक्कत चालवतं. 'एंडइफ'वर 'मिस्टेक' येईपर्यंत चुकीचं उत्तर छापूनही झालेलं असतं.

'डिम स्पेस'चं कारण मेमरी. त्याने बहुतेक वर्षभराचा तक्ता मांडला असेल, 365 दिवस आणि रोजच्या चार वेळा. शून्यापासून मोजणी होते, म्हणजे 366 गुणिले 5 खण, प्रत्येक खण 5 बाइटचा: 9150 बाइट. एकूण मेमरी 32 केबी, त्यातले 20 केबी पडद्याचा 'मोड 1' हा प्रकार खातो, साडेतीन केबी यंत्राच्या स्वतःच्या कामाला. उरतात साडेआठ, आणि प्रोग्रामही त्यातच बसवायचा. आजच्या लॅपटॉपच्या सवयीने लिहिणाऱ्याला हे सुचत नाही. तक्ता मुळात हवाच कशाला? तिथी विचारा, गुणाकार करा, छापा.

एआयला असं सांगा: "बेसिक 2 च. व्हाइल नाही, एंडइफ नाही. लूप फक्त फॉर-नेक्स्ट किंवा रिपीट-अन्टिल. इफ एका ओळीत. प्रत्येक काम वेगळ्या प्रोसीजरमध्ये." यूझर गाइडमधली त्या आज्ञांची पानंही त्याच्यापुढे ठेवा, मग थापा बऱ्याच कमी होतात. व्हेरिएबलची नावं लहान लिपीत मागा. मोठ्या लिपीत 'टोटल' लिहिलं की यंत्र त्यातला 'टू' तोडून आज्ञा समजतं. हे एआयच्या ध्यानात राहत नाही.

आणि थेट यंत्रावर टाइप करू नका. मॅट गॉडबोल्टचा जेएसबीब, म्हणजे बीबीसी मायक्रोची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, ब्राउझरमध्ये चालतो, तिथे चिकटवून आधी चुका काढा.

सोल्डरगन
कोडचं नंतर बघा. पॉवर सप्लाय उघडलाय का? त्यात पिवळसर पारदर्शक कवचाचे जुने कपॅसिटर असतात. कवचाला तडे गेले की दमट हवा आत शिरते आणि एके दिवशी घरभर घाण धूर. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर तर बघायलाच नको. ते बदलल्याशिवाय यंत्र लावू नका, आणि हे काम जाणकाराकडून करून घ्या, आत मेनचा करंट असतो. कीबोर्डाला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बरीच अक्षरं परत येतील.

रापणकार
मास्तरांनू, माका ह्या बेसिक-फेसिकातला काय कळणा नाय, पण भरतीचा सांगतंय. ती पाऊणपट ढोबळ हा. आमच्या मालवणात पाणी मुंबयच्या आधी भरता, आणि खाडीत आत गेलास काय मागसून. तुमच्या धक्क्यार उभे रवान घड्याळ बघा आणि जो फरक येयत तो मशिनीत घाला. एआयक काय इचारतास? तेणा खयची रापण ओढल्यान?

जैतापूर_मास्तर
सर्वांचे आभार. कपॅसिटर बदलून घेतले, एकाला खरंच तडा होता. बुवांनी सांगितलेल्या अटी घातल्यावर एआयने लहानसा, स्वच्छ कोड दिला आणि जेएसबीबवर तो चालला. रापणकारांचा फरक मी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवलाय. उधाणाच्या आणि भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांत धक्क्यावर बघून ठरवणार. ओहोटीसाठी 6 तास 12 मिनिटं मिळवली आहेत.

आता 'भरती' आणि 'ओहोटी' देवनागरीत हवंय. 'व्हीडीयू 23' (नवं अक्षर घडवायची आज्ञा) साठी एआयने 'भ'चे आठ आकडे दिले. पडद्यावर जे उमटलं ते नात म्हणते खेकडा आहे.

बेसिकबुवा
चित्राच्या बाबतीत त्याच्यावर भिस्त ठेवू नका, आकडे तो दिसायला ठीक असे फेकतो. चौकटीच्या वहीत 8 बाय 8 घरं आखा, भरलेल्या घरांची बेरीज डावीकडून 128, 64, 32 अशी करा. शिरोरेषा एक ओळ खाते आणि वेलांटीला वर जागा उरत नाही, म्हणून दोन चौकटी एकावर एक घ्या. 224 ते 255 अशी 32 अक्षरं मोकळी आहेत, दोन्ही शब्द सहज बसतील. मोड 4 घ्या, मोड 7 मध्ये ही अक्षरं दिसत नाहीत.