सर्व्हरवर सिस्टमडी हवंच का? जुन्या लोकांचं ऐकून तरी घ्या

उद्यमबागकर

आमच्या फाउंड्रीतला जुना सर्व्हर बदलायचाय. सेंटओएस ६ आहे, लिनक्सची एक जुनी आवृत्ती. त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२० मध्येच संपला, त्यामुळे बदलायला पाहिजे यात वाद नाही. वाद आहे तो आणायचं काय यावर. आमच्याकडची पोरं म्हणतात डेबियन टाका, नाहीतर अल्मा. दोन्हीत सिस्टमडी, म्हणजे मशीनवरचे प्रोग्राम सुरू करणारा आणि सांभाळणारा सर्व्हिस मॅनेजर. मी म्हटलं डेवुआन टाकू, म्हणजे सिस्टमडी काढलेलं डेबियन, तर ऑफिसात हसाहसी. म्हणून इथं लिहितोय.

सर्व्हिस मॅनेजरचं काम काय? मशीन उठलं की क्रमानं प्रोग्राम सुरू करायचे, पडला तर उचलायचा, बंद करताना नीट बंद करायचा. २०१० साली सिस्टमडी आलं ते एवढ्यासाठीच. आज त्याच प्रकल्पात लॉग (मशीनच्या नोंदी) आहे, लॉगिन आहे, नेटवर्क आहे, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) आहे, घड्याळ जुळवणं आहे, होम फोल्डरसुद्धा आहे. भटाला दिली ओसरी, दुसरं काय! सगळं वापरलंच पाहिजे असं नाही, ठाऊक आहे. पण पीआयडी १ म्हणजे कर्नलनंतर उठणारा पहिला प्रोग्राम. तो मेला की मशीन मेलं. तो जितका लहान तितका बरा. २०१६ मध्ये साध्या वापरकर्त्यानं नोटिफाय सॉकेटवर (प्रोग्राम सिस्टमडीला निरोप देतात ती वाट) रिकामा निरोप टाकला तरी पीआयडी १ लटकत होता. एका ओळीची कमांड, रूटची, म्हणजे मुख्य अधिकाराच्या खात्याची, गरजही नाही.

आणि लॉग. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते बेळगावकरांना सांगायला नको. यूपीएसची बॅटरी बसलेली असली की सर्व्हर धाडकन बंद. उठल्यावर आमचं पहिलं काम म्हणजे मेसेजेसची साधी टेक्स्ट फाईल उघडून शेवटून वर वाचत जायचं. मशीन उठलंच नाही तर डिस्क काढून दुसऱ्याला लावायची, तिथंही वाचता येते. सिस्टमडीच्या लॉगची, म्हणजे जर्नलची फाईल बायनरी, ती वाचायला जर्नलसीटीएल ही कमांड पाहिजे. रात्रपाळीच्या माणसाला फोनवरून "फाईल उघड आणि शेवटच्या ओळी वाचून दाखव" असं सांगायचं असतं तेव्हा हा फरक काय असतो ते कळतं.

निपाणीचा_बेंगळुरूत

काका, लॉगचं नंतर बोलू. आधी एक सांगा, सेंटओएस ६ मध्ये पीआयडी १ कोण होतं? अपस्टार्ट! हेच काम करणारं जुनं सिसव्ही इनिट तुमच्या सर्व्हरवरून कधीच गेलेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं नवीनच वापरत होता की.

उद्यमबागकर

होय की. आणि कुणाला पत्ता तरी लागला का? सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या इनिट-डीमधल्या आमच्या स्क्रिप्टना त्यानं हात लावला नाही, लॉगला लावला नाही, लॉगिनला लावला नाही. नवीन यावं तर असं यावं. माझा मुद्दा तूच मांडलास बघ.

निपाणीचा_बेंगळुरूत

त्या स्क्रिप्टचंच बोलतो मग. आमच्या घरच्या वर्कशॉपात सीएनसीला प्रोग्राम पाठवणारं सॉफ्टवेअर आहे, त्याची अशीच हातानं लिहिलेली स्क्रिप्ट होती. सुरू झालं की ती आपला पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, ऑप्ट फोल्डरमधल्या एका फाईलीत लिहायची. वीज गेली की फाईल तशीच राहायची. मशीन परत उठलं की स्क्रिप्ट फाईल बघायची, तो नंबर तोवर दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोसेसला मिळालेला असायचा, आणि स्क्रीनवर काय तर "आधीच चालू आहे". चालू काहीच नाही! स्टॉप म्हटलं तर ती दुसरीच प्रोसेस मारणार. सकाळी ऑपरेटर येऊन बसलेत, मशीनला प्रोग्राम नाही.

सिस्टमडी पीआयडीच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक सर्व्हिसला कर्नलच्या सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या गटात, घालतं. प्रोग्रामनं दोनदा फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) पळ काढला तरी तो त्याच गटात सापडतो. शंभर ओळींच्या स्क्रिप्टजागी दहा-बारा ओळींची युनिट फाईल, त्यात "रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर" लिहिलं की पडलेलं परत उठतं. हे तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठं होतं?

खानापूरचा_वाघ

एवढा वाद घालण्यापेक्षा लिनक्सच सोडून फ्रीबीएसडी टाका आणि झोपा.

शहापूरची_लेक

मी सोसायट्यांचे सर्व्हर बघते, त्यामुळे दोन्हीकडचा ताप माहितीये. सीग्रुपच्या बाबतीत निपाणीकर बरोबर आहेत, त्यावर उद्यमबागकर सरांनी उत्तर दिलेलं नाही.

पण लॉगचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. जर्नल लिहिणारं जर्नलडी साधे मेसेज डिस्कवर पक्के करतं ते डिफॉल्टनं पाच मिनिटांनी. क्रिटिकल आणि त्यावरचे तेवढे लगेच. वीज अचानक गेली की पुढच्या वेळी त्याला फाईल नीट बंद झालेली दिसत नाही, मग ती बाजूला ठेवून नवीन सुरू करतं. जुनीच्या नावाशेवटी नागमोडी चिन्ह लागलेलं दिसेल. बहुतेक वेळा त्यातलं बरंचसं वाचता येतं. "बहुतेक वेळा" आणि "बरंचसं", ऑडिटरसमोर हे शब्द बोलून बघा.

उपाय अवघड नाही. सोबत आरसिसलॉग हा लॉग लिहिणारा वेगळा प्रोग्राम चालू ठेवा, साध्या टेक्स्टमध्ये लिहू दे. जर्नलचं "स्टोरेज=पर्सिस्टंट" करा, म्हणजे ते डिस्कवर राहील, आणि व्हार फोल्डरवर जागेची मर्यादा घाला. मी तेच करते.

उद्यमबागकर

म्हणजे एका कामाला दोन लॉग. बरं.

सीग्रुपचं उत्तर देतो. ते कर्नलचं आहे, सिस्टमडीचं नाही. ओपनआरसी हा दुसरा सर्व्हिस मॅनेजरसुद्धा ते वापरतो. चांगली गोष्ट आहे म्हणून तिच्यासोबत बाकीचं सगळं बिऱ्हाड घरात घ्यायचं का, एवढंच विचारतोय. आणि हे बिऱ्हाड काय करतं ते २०२४ ला बघितलं की! फाईल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडचं प्रकरण. दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएचला एक्सझेडच्या लिबएलझेडएमए लायब्ररीशी काही घेणंदेणं नाही. पण डेबियन आणि फेडोरावाल्यांनी सिस्टमडीला "मी तयार आहे" कळवायला त्यात पॅच घातला, त्यातून लिबसिस्टमडी आली, तिच्या मागून लिबएलझेडएमए आली, आणि त्या वाटेनं चोरदरवाजा थेट एसएसएचडीत, म्हणजे ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्ये.

निपाणीचा_बेंगळुरूत

चोरदरवाजा एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये घातला गेला, सिस्टमडीत नाही. आणि "मी तयार आहे" सांगायला लायब्ररी लागतच नाही, सॉकेटवर एक छोटा निरोप टाकायचा असतो. ओपनएसएसएचनं नंतर स्वतःच तेवढा कोड लिहिला. पॅच घालणाऱ्यांचा आळस सिस्टमडीच्या माथी कशाला?

उद्यमबागकर

वाट मोठी केली की आळशी माणूस त्याच वाटेनं जाणार. जो सांभाळणारा आहे त्यानं हे आधीच धरून चालायचं असतं.

टिळकवाडी_निवृत्त

डेबियनच्या तांत्रिक समितीत २०१४ ला मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टमडी आलं. त्याच वर्षी डेवुआनची घोषणा करणाऱ्यांनी स्वतःला "व्हेटरन युनिक्स ॲडमिन" म्हणवून घेतलं होतं. म्हणजे हे भांडण तेव्हाही अटीतटीचंच होतं, आपण काही वेगळे म्हातारे नाही. मी स्वतः आता सिस्टमडीच वापरतो, कारण भांडायचा कंटाळा आला.

शहापूरची_लेक

सर, खरा प्रश्न वेगळा आहे. डेवुआन तुम्हाला येतं. तुम्ही नसताना ते कोण बघणार? आपल्याकडे व्हीटीयूतून इंजिनीअरिंग करून बाहेर पडणाऱ्या पोरांनी जुन्या इनिटचं रनलेव्हल बघितलेलंसुद्धा नसतं. तुमच्या स्क्रिप्ट वाचता येणारा माणूस उद्यमबागेत शोधून काढायला लागेल. साधी यंत्रणा दुरुस्त करायला सोपी, हे खरं. पण ती दुरुस्त करणारा गावात पाहिजे ना?

उद्यमबागकर

हा मुद्दा लागला. यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर नाही.

मग डेबियन चालेल, पण माझ्या अटींवर. आरसिसलॉग राहणार. सिस्टमडीच्या डीएनएसवाल्या रिझॉल्व्ह्डला हात लावायचा नाही, डीएनएस मी फाईलीत लिहीन. आणि सगळ्यात आधी बॅकअपच्या यूएसबी डिस्कचं बघा. एफएसटॅबमध्ये, म्हणजे डिस्कच्या यादीच्या फाईलीत, तिच्या ओळीत "नोफेल" लिहिलेलं नसलं आणि डिस्क जोडलेली नसली तर सिस्टमडी नव्वद सेकंद वाट बघतं आणि सरळ इमर्जन्सी मोडमध्ये जातं. आमचं जुनं मशीन अशा वेळी कुरकुर करून पुढं जायचं.

निपाणीचा_बेंगळुरूत

नोफेल माझ्याकडे. पण इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडू नका काका. रूट लॉक असला तर इमर्जन्सी मोड "खातं लॉक आहे" म्हणून आत घेतच नाही, आणि तुमचा रात्रपाळीचा माणूस एंटर दाबत बसतो.

उद्यमबागकर

आणि याला पोरं प्रगती म्हणतात. ठेवतो पासवर्ड, पाकिटात घालून कॅशियरच्या कपाटात. शनिवारी ये, यूपीएसच्या बॅटरीपण बघून जा.