आधी काम ठरवा, मग बंदूक

कोणत्या बंदुका घ्याव्यात याची एक यादी वाचली. प्रत्येक बंदुकीला ठरलेलं काम हवं, हे तिचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्या यादीत पहिलीच .३०८ ही मोठ्या काडतुसाची, जोरात धक्का देणारी रायफल आहे, ते नाही पटलं. सुरुवात .२२ लाँग रायफल हे छोटं काडतूस वापरणाऱ्या बंदुकीनेच करा. ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची इवलीशी गोळी, धक्का जवळजवळ नाहीच. त्यामुळे बार होण्याआधी डोळे मिटतात का, ट्रिगर हिसकला जातो का, हे स्वतःचं स्वतःला कळतं. मोठ्या धक्क्यात या चुका झाकल्या जातात आणि मग अंगात मुरतात.

एक मात्र सांभाळा: .२२ रिकामी चालवू नका, म्हणजे आत काडतूस नसताना ट्रिगर ओढू नका. हिचं काडतूस बुडाच्या कडेवर ठोकलं जातं, त्यामुळे ते नसेल तर काही बंदुकांत ठोकणारी पिन थेट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) कडेवर आपटते. तिथे खाच पडली की काडतुसांची रिकामी टोपणं आत अडकायला लागतात.

दुसरी बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक. छर्रे किंवा स्लग (एकच मोठी गोळी), काडतूस बदललं की तिचं कामच बदलतं. लांबचा नेम खरंच साधायचा असेल तेव्हाच बोल्ट अ‍ॅक्शन (प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढायची) .३०८ घ्या. आणि कॅलिबरचे, म्हणजे नळीच्या मापाचे, प्रकार कमीत कमी ठेवा, कारण प्रत्येकाचा काडतुसांचा साठा वेगळा, साफसफाईचा ब्रशही वेगळा.