बाजीराव सतराव्या शतकातले की अठराव्या?

नौपाडाकर:
नातवाच्या सरावपत्रिकेत थोरल्या बाजीरावांचा जन्म कोणत्या शतकातला, असा प्रश्न होता. जन्म १८ ऑगस्ट १७०० चा, म्हणून त्याने ‘सतराव्या’ लिहिले. बाईंनी ते तांबड्या शाईने खोडून शेजारी ठसठशीत १८ काढला. इसवी सनात शून्य वर्ष नाही. १ ते १०० हे पहिले शतक, तर १६०१ ते १७०० हे सतरावेच. सालातून एक वजा करावा, शेवटचे दोन अंक झाकावेत आणि उरलेल्या आकड्यात एक मिळवावा: १६९९, १६, १७. याच हिशेबाने १३ मार्च १८०० रोजी वारलेले नाना फडणवीस अठराव्या शतकातच गेले.

ऐरोलीकर:
गणित मान्य, पण शतक ही इतिहास सांगण्याची सोय आहे. जन्मानंतरचे साडेचार महिने सोडले, तर बाजीरावांचे सगळे आयुष्य अठराव्या शतकात गेले. आम्ही वाशीला ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्रीच नव्या शतकाचे फटाके वाजवले. २००१ साठी कोणी ते राखून ठेवल्याचे आठवत नाही. खगोलशास्त्रज्ञ तर इसवी सनपूर्व १ ला शून्य वर्ष धरतात.

नौपाडाकर:
प्रश्न जन्माचा होता, कर्तृत्वाचा नव्हता. फटाक्यांवरून कालगणना ठरू लागली, तर कठीण आहे.

कळवेकर:
मुलाला ‘सातवे लागले’ म्हणतो, तेव्हा सहा पुरी झालेली असतात. इसवी सन असा लागलेल्या वर्षांचा आहे. १७०० म्हणजे सतराशेवे वर्ष चालू, शंभरी अजून भरायची आहे. पंचांगातला शालिवाहन शक मात्र गत, म्हणजे सरलेल्या वर्षांचा. शके १७०० लिहिले की सतराशे वर्षे सरून पुढचे चालू असते आणि म्हणून तिथे अठरावे शतक खरोखरच लागलेले असते. ऐरोलीकरांची रीत शकाला लागू पडते, सनाला नाही. दोन्ही आकडे सारखेच दिसतात, त्यामुळे घोळ होतो.

ऐरोलीकर:
हा भेद माझ्या ध्यानात आला नव्हता. नातवाला गुण मिळायला हवा, एवढे मी मागे घेतो. बाजीरावांना मात्र सतराव्या शतकात बसवणार नाही. बाईंना भेटाल तेव्हा सुचवा, की पुढच्या वेळी जन्माऐवजी पेशवेपदाचे शतक विचारावे. ते १७२० सालचे आहे.