'जकंडिटी' हा शब्द निरोपाच्या पत्रात चालेल का?

प्रश्न: सहकारी बाई निवृत्त होतायत. इंग्रजीत चार ओळी लिहायच्यात. सगळ्यांची तोंडं उतरलेली असताना त्या खुर्ची ओढून बसतात, 'हं, आता बोला' म्हणतात, आणि निम्मी कटकट तिथेच संपते. 'चिअरफुलनेस' फारच गुळमुळीत वाटतं. शब्दकोशात 'जकंडिटी' (jocundity, म्हणजे प्रसन्न, खेळकर स्वभाव) सापडला. कसा आहे?

शब्दवेडा: अर्थ चपखल आहे. मूळ लॅटिन 'युकुंदुस', म्हणजे सुखद. तो 'युवारे'वरून आला, म्हणजे मदत करणं, सुखावणं. पुढे 'योकुस' म्हणजे विनोद, त्याच्या ओढीने स्पेलिंगमध्ये 'यु'चा 'यो' झाला. तुमच्या बाई विनोदापेक्षा मदतीच्या बाजूच्या दिसतात, तेव्हा मुळाला धरूनच आहे. उच्चारताना जोर 'कं'वर. विशेषण 'जॉकंड', तिथे जोर पहिल्या अक्षरावर.

जुनं पान: विशेषणच वापरा, ते निदान कवितेमुळे कानावरून गेलेलं असतं. गंमत म्हणजे वर्ड्सवर्थच्या डॅफोडिल्सच्या कवितेत १८०७ साली 'लाफिंग कंपनी' होतं, १८१५च्या आवृत्तीत त्याने 'जॉकंड' केलं. हसरी फुलं जरा जास्तच झाली असावीत!

प्रश्नकर्ती: म्हणजे नाम नको?

जुनं पान: नाम जडच. वाचणारा अडखळला की बाई बाजूला राहतात. खुर्चीचं लिहा, शेवटी एकदाच 'जॉकंड' टाका.

शब्दवेडा: मान्य. पण त्याऐवजी 'हिलॅरिटी' नको हं, त्यात आता नुसता हशा उरलाय.